प्रकाशकणांची गुप्त किल्ली : प्रयोगशाळेतून केबलपर्यंत

१९८४ च्या डिसेंबर महिन्यात बंगळूर येथे संगणक, प्रणाली आणि संदेश-संस्करण या विषयांवर एक आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती. आयबीएम कंपनीतील संशोधक चार्ल्स बेनेट आणि माँट्रियल विद्यापीठातील जिल ब्रासार यांचा अवघ्या पाच पानांचा एक निबंध या परिषदेच्या वृत्तांतात प्रसिद्ध झाला. परस्परांपासून दूर असलेल्या दोन व्यक्तींना एखादी गुप्त किल्ली ठरवावयाची असेल, तर ती प्रकाशाच्या एकेका कणावर लिहून पाठवावी. वाटेत कोणी ती चोरून वाचली, तर त्या वाचण्यानेच कणांमध्ये बदल होईल आणि चोरी उघडकीस येईल, असा त्या निबंधाचा आशय होता. लेखकांच्या आडनावांची आद्याक्षरे आणि प्रसिद्धीचे वर्ष यांवरून ही पद्धत 'बीबी ८४' या नावाने जगभर ओळखली जाते. क्वांटम किल्लीवाटप या नावाने आज जे तंत्र चर्चेत आहे, त्याचा उगम असा भारतभूमीवर भरलेल्या एका परिषदेच्या कागदपत्रांत सापडतो.

तत्त्वाविषयी शास्त्रज्ञांमध्ये आता वाद उरलेला नाही. प्रश्न आहे तो यंत्राचा. प्रयोगशाळेतील स्थिर मेजावर, जाणत्या शास्त्रज्ञाच्या देखरेखीखाली जे उपकरण तासभर चालते, तेच उपकरण एखाद्या टेलिफोन एक्स्चेंजच्या खोलीत, उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात, रात्रंदिवस आणि कोणी शेजारी बसलेले नसताना चालेल काय? गेल्या तीन दशकांतील संशोधनाचा फार मोठा भाग या एका प्रश्नाच्या उत्तरासाठी खर्ची पडला आहे.

किल्लीची आवश्यकता

बँकेचा व्यवहार असो, रुग्णालयातील नोंद असो किंवा शासकीय संदेश असो, तो तारेवरून जाताना सांकेतिक रूपात जातो. हा संकेत उलगडण्यासाठी दोन्ही टोकांना एकच गुप्त किल्ली, म्हणजे शून्य आणि एक या अंकांची एक लांबलचक माळ, असावी लागते. पूर्वी अशी किल्ली मोहोरबंद लखोट्यातून विश्वासू जासुदाच्या हाती पाठवीत. १९७० नंतरच्या दशकात गणितावर आधारलेली नवी पद्धत आली. फार मोठ्या संख्येचे मूळ अवयव शोधणे संगणकालाही दुष्कर असते, या अनुभवावर तिची मदार होती. परंतु १९९४ साली पीटर शोर या अमेरिकन गणितज्ञाने असे दाखवून दिले की, क्वांटम तत्त्वावर चालणारा पुरेसा मोठा संगणक बनला, तर हे अवयव शोधणे त्याला अवघड जाणार नाही. एवढा मोठा संगणक अद्याप तयार झालेला नाही. तथापि आज तारेवरून जाणारा सांकेतिक मजकूर कोणी साठवून ठेवला, तर तो पुढे कधीतरी उघडता येईल, ही भीती निराधार नव्हे. ज्या माहितीचे गुपित वीस-पंचवीस वर्षे टिकावयास हवे, तिच्याबाबतीत हा धोका आजचाच आहे.

येथे एक गैरसमज दूर करणे अवश्य आहे. या तंत्रात संदेश प्रकाशकणांवरून जात नाही. जाते ती केवळ किल्ली. संदेश त्या किल्लीने सांकेतिक करून नेहमीच्या मार्गानेच पाठविला जातो. म्हणजे जुन्या काळच्या जासुदाची जागा येथे प्रकाशकणाने घेतली आहे, इतकेच.

चोर कसा सापडतो?

प्रकाशाच्या सर्वांत लहान कणाला फोटॉन म्हणतात. फोटॉनला ध्रुवण नावाचा एक गुणधर्म असतो. सोप्या भाषेत त्याला कंपनाची दिशा म्हणता येईल. बीबी ८४ पद्धतीत पाठविणारा दोन जोड्या वापरतो : एक उभी-आडवी, दुसरी दोन तिरक्या दिशांची. प्रत्येक जोडीत एक दिशा शून्यासाठी आणि दुसरी एकासाठी ठरलेली असते. पाठविणारा प्रत्येक वेळी जोडीही स्वैरपणे निवडतो आणि अंकही. घेणाराही कोणत्या जोडीने मापन करावयाचे ते स्वैरपणेच ठरवितो. दोघांची जोडी जुळली तर अंक बरोबर कळतो. जुळली नाही तर मिळणारे उत्तर निव्वळ छापा-काट्यासारखे असते. नंतर दोघे साध्या, उघड मार्गाने फक्त आपापल्या जोड्या जाहीर करतात, अंक नव्हे, आणि न जुळलेले सुमारे निम्मे अंक टाकून देतात.

वाटेतील हेराला जोडी ठाऊक नसते. फोटॉनची हुबेहूब प्रत काढून मूळ कण पुढे सोडावा, तर तेही शक्य नाही. अज्ञात स्थितीतील कणाची नक्कल करता येत नाही, हे १९८२ साली सिद्ध झाले आहे. हेराने प्रत्येक कण मोजून त्या जागी नवा कण सोडला, तर जुळलेल्या अंकांपैकी सरासरी चौथा हिस्सा चुकीचा निघतो. दोन्ही टोकांनी काही अंक उघडपणे पडताळून पाहिले की चुकीचे प्रमाण कळते. ते मर्यादेत असेल तर गणिती प्रक्रियेने चुका दुरुस्त केल्या जातात. नंतर हेराच्या हाती लागली असण्याची शक्यता आहे तेवढी माहिती वजा होईल, अशा बेताने अंकांची माळ आखूड केली जाते. उरते ती गुप्त किल्ली.

चूक कोणाची?

हे सर्व ऐकावयास सुटसुटीत वाटते. अडचण अशी की, अंक चुकला तो हेरामुळे, की दुपारच्या उन्हाने केबल तापल्यामुळे, हे यंत्राला सांगता येत नाही. दोन्हींची खूण एकच. म्हणून सुरक्षिततेच्या हिशेबात प्रत्येक चूक हेराच्या खाती मांडावी लागते. परिणामी यंत्र जितके अस्थिर, तितकी किल्ली तोकडी. सैद्धांतिक हिशेबाने जुळलेल्या अंकांत शेकडा १ चूक असेल, तर शंभर अंकांतून सुमारे ८४ अंकांची किल्ली मिळते. चूक शेकडा ५ झाली तर ४३ अंक मिळतात, शेकडा ८ झाली तर जेमतेम २०, आणि शेकडा ११ च्या आसपास किल्ली शून्यावर येते. प्रत्यक्ष यंत्रात हे आकडे आणखी खाली येतात. इतर यंत्रांत स्थैर्य ही सोयीची बाब असते; येथे किल्ली मिळणे वा न मिळणे त्यावर अवलंबून आहे.

बेनेट, ब्रासार आणि त्यांचे सहकारी यांनी १९८९ साली पहिले यंत्र चालवून दाखविले. त्यात फोटॉनचा प्रवास होता सुमारे ३२ सेंटिमीटरचा, तोही हवेतून. या यंत्रातील ध्रुवण बदलणाऱ्या घटकांना जो विद्युत्पुरवठा होत असे, त्याचा आवाज पाठविल्या जाणाऱ्या दिशेनुसार वेगवेगळा येई. आपले यंत्र कोणत्याही हेरापासून सुरक्षित होते, मात्र तो हेर बहिरा असावयास हवा होता, अशा आशयाचा विनोद ब्रासार यांनीच पुढे केला आहे. विनोद खरा, पण पुढील इतिहास पाहता तो नुसता विनोद राहिला नाही.

काचतंतूचे स्वभाव

दूरवर जावयाचे तर काचतंतूची, म्हणजे ऑप्टिकल फायबरची, वाट धरावी लागते. उत्तम काचतंतूतही प्रकाश वाटेत क्षीण होत जातो. दर ५० किलोमीटरला तो एक दशांश उरतो. म्हणजे १०० किलोमीटरवर शंभरातील एक फोटॉन आणि १५० किलोमीटरवर, मुंबई-पुणे एवढ्या अंतरावर, हजारातील एक फोटॉन पोहोचतो. नेहमीच्या दूरसंचारात मध्ये प्रवर्धक बसवून प्रकाश पुन्हा प्रखर करतात. येथे तो मार्ग बंद आहे, कारण प्रवर्धन म्हणजे एक प्रकारची नक्कलच, आणि नक्कल न होणे हाच तर या पद्धतीचा पाया आहे. सेकंदाला दहा अब्ज फोटॉन पाठविले तरी हजार किलोमीटरच्या सलग तंतूतून पलीकडे एक फोटॉन पोहोचावयास सरासरी तीनशे वर्षे लागतील, या हिशेबावरून अडचणीचा अंदाज यावा.

पलीकडच्या टोकाला असलेले फोटॉन-शोधक हे अर्धवाहक पदार्थांचे उपकरण फोटॉन आला नसतानाही अधूनमधून 'आला' अशी खोटी वर्दी देते. जवळच्या अंतरावर खऱ्या फोटॉनांची संख्या मोठी असल्याने या खोट्या वर्द्या झाकल्या जातात. अंतर वाढते तसे खरे फोटॉन घटतात, खोट्या वर्द्या मात्र तेवढ्याच राहतात आणि चुकीचे प्रमाण चढू लागते. शोधक शून्याखाली तीस-चाळीस किंवा अधिक अंश थंड ठेवला की खोट्या वर्द्या कमी होतात. पण मग एक फोटॉन टिपल्यावर त्याची 'धग' शोधकात रेंगाळते आणि त्यातून नव्या खोट्या वर्द्या उमटतात. यावर उपाय म्हणून फोटॉन येण्याच्या नेमक्या क्षणापुरताच शोधक 'जागा' ठेवतात. हा क्षण सेकंदाचा एक अब्जांश किंवा त्याहूनही लहान असतो.

आणि येथेच तापमान आडवे येते. काचतंतूचे तापमान एका अंशाने बदलले, तर ५० किलोमीटर अंतर काटणाऱ्या फोटॉनला पोहोचण्यास लागणारा वेळ सेकंदाच्या सुमारे दोन अब्जांशांनी बदलतो. म्हणजे शोधक जागा होऊन पुन्हा झोपी गेल्यावर फोटॉन दारात येतो. यासाठी दोन्ही टोकांची घड्याळे सतत जुळवीत राहावे लागते.

दुसरी अडचण ध्रुवणाची. काचतंतू वाकला, दाबला गेला, खांबावरची केबल वाऱ्याने हलली किंवा शेजारून आगगाडी गेली, तरी फोटॉनची दिशा वाटेत फिरते. उभी दिशा म्हणून पाठविलेला कण तिरका होऊन पोहोचतो. म्हणून अनेकांनी तंतूमध्ये ध्रुवणाऐवजी प्रकाशलहरीच्या कलेचा, म्हणजे लहरी एकमेकींच्या किती पुढे-मागे आहेत याचा, वापर केला. फोटॉनला दोन वाटांनी नेऊन पुन्हा एकत्र आणावयाचे आणि त्या वाटांच्या लांबीतील फरकावर अंक ठरवावयाचा, अशी ही रीत. परंतु या लहरीची लांबी एका मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या दीडपट. वाटांच्या लांबीत एक मीटर तंतूचा फरक असेल आणि तेवढ्या तंतूचे तापमान अंशाच्या दहाव्या भागाने बदलले, तर शून्याचा एक होण्यास तेवढे पुरते. पंख्याचा झोत, खिडकीतले ऊन, खोलीत आलेला माणूस, कशानेही ते घडू शकते.

जिनिव्हाची युक्ती आणि केंब्रिजची चिकाटी

स्वित्झर्लंडमधील जिनिव्हा विद्यापीठात निकोलास जिसँ यांच्या गटाने प्रयोगशाळेबाहेर पडण्याचे धाडस लवकर केले. १९९५ साली त्यांनी जिनिव्हा सरोवराच्या तळाशी टाकलेल्या टेलिफोन कंपनीच्या केबलमधून न्यों या गावापर्यंत, २३ किलोमीटर अंतर, ध्रुवणावर आधारित किल्लीवाटप करून दाखविले. पुढे १९९७ साली याच गटाने जी युक्ती सुचविली, ती आजही शिकण्यासारखी आहे. प्रकाश एका टोकाकडून निघून दुसऱ्या टोकाला जातो, तेथे एका विशिष्ट आरशावरून परततो आणि अत्यंत क्षीण करून, त्यावर अंक लिहून, त्याच तंतूतून माघारी पाठविला जातो. जाताना तंतूने जे काही बिघडविले असेल, ते येताना आपोआप उलटे होऊन भरून निघते. जोडणी करताना काही जुळवावे लागत नाही; प्लग लावला की यंत्र सुरू, असेच तिचे वर्णन झाले. याच रीतीने २००२ साली जिनिव्हा-लोझान या ६७ किलोमीटरच्या मार्गावर किल्ली पाठविली गेली, आणि २००७ साली जिनिव्हा प्रांतातील निवडणुकीच्या निकालाची माहिती केंद्राकडे पाठविताना अशा यंत्राचा उपयोग करण्यात आला.

या युक्तीला मर्यादाही होत्या. जाणारा प्रखर प्रकाश तंतूत विखुरतो आणि परत येणाऱ्या एकट्या फोटॉनांच्या वाटेत गोंगाट करतो. फेरी दुहेरी असल्याने वेग मंदावतो. शिवाय अंक लिहिणाऱ्या यंत्राचे दार बाहेरून येणाऱ्या प्रकाशाला उघडे राहते आणि त्यातून हेरही आपला प्रकाश आत घालू शकतो.

म्हणून दुसरा पंथ पुढे आला : प्रकाश एकाच दिशेने पाठवावयाचा आणि बिघाड आपोआप भरून निघण्याची वाट न पाहता तो सतत मोजून दुरुस्त करीत राहावयाचे. इंग्लंडमधील केंब्रिज येथे तोशिबा कंपनीच्या प्रयोगशाळेने या बाबतीत दीर्घकाळ काम केले आहे. मूळ फोटॉनांच्या मधून मधून ओळखीचे स्पंद पाठवावयाचे, ते पोहोचताना किती बिघडले ते पाहावयाचे, आणि त्यानुसार तंतूला किंचित ताण देणारे किंवा ध्रुवण फिरविणारे घटक हलवावयाचे, असे हे अखंड चक्र असते. नावेच्या सुकाणूवर बसलेल्या माणसाचा हात जसा क्षणभरही स्वस्थ नसतो, तसेच हे. त्याच सुमारास शोधक सेकंदाला अब्जावधी वेळा जागा करण्याची रीत सापडली आणि किल्लीचा वेग सेकंदाला काही हजार अंकांवरून दहा लाख अंकांपर्यंत, पन्नास किलोमीटर अंतरावर, नेता आला. जिनिव्हा परिसरात २००९ ते २०११ या काळात दीड वर्षाहून अधिक काळ असे एक जाळे अखंड चालविण्यात आले. अंतराच्या विक्रमांना वर्तमानपत्रांत मथळे मिळतात. वास्तविक या दीड वर्षाच्या कंटाळवाण्या सातत्याला त्याहून मोठा मान मिळावयास हवा होता.

किल्लीसाठी वेगळा, रिकामा तंतू राखून ठेवणे हे खर्चाचे काम आहे. म्हणून नेहमीची वाहतूक चालू असलेल्या तंतूतच फोटॉन सोडण्याचे प्रयत्न झाले. तेव्हा जो गोंगाट सर्वांत त्रासदायक ठरला, तो चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२८ साली कलकत्त्यात शोधून काढलेल्या परिणामामुळे उत्पन्न होतो. शेजारच्या प्रखर प्रकाशातील काही अंश रंग बदलून फोटॉनांच्या मार्गात शिरतो. अरुंद गाळण्या आणि वेळेची काटेकोर निवड यांनी त्यावर पुष्कळसा ताबा मिळविता आला आहे.

दोष यंत्राचा, तत्त्वाचा नव्हे

एकेक फोटॉन हुकमी निर्माण करणारे स्वस्त साधन उपलब्ध नसल्याने, बहुतेक यंत्रांत लेसरचा स्पंद अतिशय क्षीण करून वापरतात. अशा स्पंदात बहुधा एकही फोटॉन नसतो, कधी एक असतो, आणि क्वचित दोन असतात. दोन असले की हेराचे फावते : एक ठेवून घ्यावा, दुसरा पुढे सोडावा, चूक उमटत नाही. हा धोका २००० च्या सुमारास स्पष्टपणे मांडला गेला. त्यावरचा उपाय २००३ ते २००५ या काळात सिद्ध झाला. वेगवेगळ्या प्रखरतेचे फसवे स्पंद मध्ये मिसळावयाचे. कोणता खरा, कोणता फसवा, हे हेराला कळत नाही, आणि त्याने दुहेरी स्पंदांना वेगळी वागणूक दिली की आकडेवारीत ते दिसून येते. आज व्यवहारातील बहुतेक बीबी ८४ यंत्रांत हा उपाय गृहीत धरलेला असतो.

२०१० साली त्याहून मोठा धक्का बसला. नॉर्वे आणि जर्मनीतील संशोधकांनी बाजारात विकल्या जाणाऱ्या यंत्रांवरच प्रयोग करून दाखविले की, प्रखर प्रकाश सोडून फोटॉन-शोधक 'आंधळा' करता येतो आणि मग हेराच्या मर्जीप्रमाणे त्याच्याकडून वर्दी देवविता येते. चुकीचे प्रमाण वाढत नाही, हेर सापडत नाही. निसर्गनियम अबाधित होता. फसला तो पेटीतला एक घटक. ब्रासार यांच्या विनोदातील बहिऱ्या हेराची आठवण येथे होते.

यातून पुढे आलेली २०१२ ची योजना मूलगामी आहे. तिच्यात दोन्ही टोके पाठविणारीच असतात. दोघांचे फोटॉन मधल्या एका ठाण्यावर एकत्र येतात. शोधक त्या ठाण्यात असतात आणि ते ठाणे शत्रूच्या ताब्यात असले तरी किल्लीचे गुपित फुटत नाही. २०१८ साली केंब्रिजच्या गटाने यालाच नवी जोड दिली : मधल्या ठाण्यावर दोन क्षीण प्रकाशलहरी एकमेकींत मिसळून, दोघांपैकी कोणा एकाकडून फोटॉन पोहोचला तरी काम भागेल अशी रचना केली. त्यामुळे अंतराची मर्यादा जवळपास दुप्पट झाली आणि २०२३ साली चीनमधील प्रयोगशाळेत १,००२ किलोमीटर लांब तंतूवर किल्लीवाटप झाले. त्यासाठी शोधक निरपेक्ष शून्याच्या जवळ थंड करावे लागले. व्यवहाराच्या दृष्टीने अधिक बोलके उदाहरण २०२५ सालचे आहे. जर्मनीत चालू दूरसंचार-जाळ्यातील २५४ किलोमीटरच्या मार्गावर, शेकडो किलोमीटर दूर असलेल्या दोन लेसरांच्या लहरी जुळत्या ठेवून, अतिशीत साधनांवाचून, साध्या अर्धवाहक शोधकांनी ही रीत चालविण्यात आली. किल्लीचा वेग होता सेकंदाला अवघे ११० अंक. आकडा लहान दिसतो. परंतु एक भक्कम किल्ली २५६ अंकांची धरली, तर दर अडीच सेकंदांस एक नवी किल्ली मिळते, आणि सर्वसाधारण व्यवहाराला एवढी पुरेशी आहे.

भारतातील प्रयत्न

आपल्या देशात २०२० च्या डिसेंबरात संरक्षण संशोधन व विकास संघटनेने हैदराबाद येथील आपल्या दोन प्रयोगशाळांमध्ये १२ किलोमीटरच्या तंतूवर या तंत्राची चाचणी घेतली. त्यासाठीची यंत्रणा बंगळूर आणि मुंबई येथील प्रयोगशाळांनी विकसित केली होती. २०२१ च्या मार्चमध्ये भारतीय अंतराळ संशोधन संस्थेने अहमदाबाद येथे ३०० मीटर मोकळ्या हवेतून किल्लीवाटप केले. दोन्ही टोकांची वेळ जुळविण्यासाठी स्वदेशी नाविक उपग्रह-प्रणालीचा आधार घेतला होता. २०२२ च्या फेब्रुवारीत संरक्षण संशोधन संघटना आणि दिल्लीची आयआयटी यांनी उत्तर प्रदेशातील प्रयागराज ते विंध्याचल या शंभर किलोमीटरहून अधिक अंतरावर, आधीच जमिनीत टाकलेल्या व्यापारी तंतूतून, हा प्रयोग यशस्वी केला. गंगेच्या खोऱ्यातील हवामानात जमिनीखालच्या केबलवर झालेली ही चाचणी प्रयोगशाळेतील गुंडाळलेल्या तंतूवरील चाचणीहून निराळ्या प्रतीची आहे. २०२५ च्या जूनमध्ये याच दोन संस्थांनी परस्परबद्ध फोटॉनांच्या जोड्या वापरून एक किलोमीटरहून अधिक अंतरावर, मोकळ्या हवेतून किल्ली पाठविली. चुकीचे प्रमाण शेकडा ७ च्या आत राहिले. वर दिलेला हिशेब ध्यानी घेतला, तर या आकड्याचे महत्त्व कळेल.

केंद्र सरकारने २०२३ च्या एप्रिलमध्ये ६,००३ कोटी ६५ लाख रुपयांच्या राष्ट्रीय क्वांटम अभियानास मंजुरी दिली. त्याचा कालावधी २०३०-३१ पर्यंत आहे. त्यात नेमलेल्या चार केंद्रांपैकी संपर्काचे केंद्र मद्रास आयआयटीकडे असून सूक्ष्ममापनाचे केंद्र मुंबई आयआयटीकडे आहे. पुण्याच्या आयसर संस्थेतही क्वांटम तंत्रज्ञानाचे एक केंद्र कार्यरत आहे.

मर्यादा आणि विचारावयाचे प्रश्न

सलग तंतूची मर्यादा ओलांडण्यासाठी सध्या व्यवहारात जी रीत आहे, ती मधल्या ठाण्यांची. चीनने २०१७ मध्ये सुरू केलेल्या बीजिंग-शांघाय मार्गावर, दोन हजार किलोमीटर अंतरात, अशी ३२ ठाणी आहेत. प्रत्येक ठाण्यात किल्ली उलगडली जाते आणि पुन्हा नव्याने पाठविली जाते. म्हणजे त्या खोलीत ती काही क्षण उघडी असते. तिचे रक्षण फोटॉन करीत नाही, कुलूप आणि पहारेकरी करतात. उपग्रह हा दुसरा मार्ग. २०१६ साली सोडलेल्या चिनी उपग्रहाने तो शक्य असल्याचे दाखविले. पण ढगाळ रात्री तोही थांबतो, आणि पावसाळ्याचे चार महिने अनुभवणाऱ्या प्रदेशाला ही गोष्ट दुर्लक्षून चालणार नाही.

पलीकडे बसलेला माणूस खरोखरच तोच आहे, ही ओळखही फोटॉनांनी पटत नाही. त्यासाठी आरंभी थोडी तरी सामाईक गुप्त माहिती हाती असावी लागते. या कारणांमुळे अमेरिका आणि ब्रिटन येथील शासकीय सुरक्षा-संस्थांनी आपल्या संवेदनशील व्यवस्थांसाठी या तंत्राची शिफारस केलेली नाही. क्वांटम संगणकालाही न उलगडणारी नवी गणिती पद्धती त्यांनी पसंत केली असून, २०२४ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने अशा पद्धतींची पहिली तीन प्रमाणके जाहीर केली. गणिती पद्धतीला नवी केबल लागत नाही, हा तिचा मोठा गुण. तिचे गणित उद्या कोणी सोडविणार नाही, याची खात्री मात्र कोणी देऊ शकत नाही. ज्या थोड्या मार्गांवरचे गुपित दीर्घकाळ टिकणे अत्यावश्यक आहे, तेथे दोन्ही एकत्र वापरणे रास्त दिसते. सर्व कचेऱ्यांत फोटॉनची पेटी बसविण्याचा आग्रह मात्र अनाठायी होय.

अशी पेटी सार्वजनिक पैशातून घ्यावयाची असेल, तेव्हा ती किती किलोमीटर चालते एवढेच विचारून भागणार नाही. चाळीस अंश तापमानाच्या खोलीत ती किती दिवस अखंड चालली, वीज गेल्यावर आपोआप किती वेळात पुन्हा जुळली, आंधळा करण्याचा हल्ला ओळखण्याची तजवीज तिच्यात आहे काय, आणि तिची तपासणी विक्रेत्याखेरीज अन्य कोणी केली आहे काय, हे प्रश्न अधिक महत्त्वाचे आहेत. तपासणी कशी करावी याचे आंतरराष्ट्रीय प्रमाणक २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले आहे, त्यामुळे शेवटच्या प्रश्नाला आता निश्चित उत्तर मागता येते.

राष्ट्रीय अभियानाच्या उद्दिष्टांत दोन हजार किलोमीटर अंतरावरील शहरांदरम्यानचे किल्लीवाटप समाविष्ट आहे. शंभर किलोमीटरला एक याप्रमाणे धरले, तर मधली एकोणीस ठाणी होतात. त्या प्रत्येक ठाण्याला अखंड वीज, थंडावा आणि पहारा लागेल, आणि बिघाड झाल्यास रातोरात पोहोचणारा तंत्रज्ञही. अशा तंत्रज्ञांचे प्रशिक्षण हा या कामाचा अद्याप पुरेसा चर्चिला न गेलेला भाग आहे.